‘दुखतंय’ म्हणायची मुभा

इकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. नाटक संपून जेवणाची रांग लागलेली असते आणि हॉलच्या रिकाम्या कोपऱ्यात परकर-पोलकं घातलेल्या चार-पाच मुली एकापाठोपाठ एक कार्टव्हील मारत असतात. भारतातून आलेल्या एखाद्या आजी ‘अगं, हात मोडून घ्याल!’ म्हणून ओरडतात आणि मुली खिदळत आणखी दोन मारतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्या मुलांचं नाव निघायचं ते स्पेलिंग बी, गणित आणि भरतनाट्यममध्ये. फार तर पोहणं किंवा टेनिस. आता जिम्नॅस्टिक्सच्या टीममध्येही आपली मुलं दिसायला लागली आहेत. माझी दहा वर्षांची मुलगी त्यातलीच एक. आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला. २००४ आणि २००८ या दोन ऑलिंपिकच्या सर्वांगीण विजेत्या, कार्ली पॅटरसन आणि नॅस्टिया ल्युकिन, इथल्याच प्लेनोमध्ये सराव करून घडल्या. त्यामुळे या खेळाचं वेड या भागात शाळेच्या मैदानापासूनच लागतं.

याचा आनंद आहेच. पण या खेळाबरोबर एक प्रश्न घरात येतो, ज्याची आपल्या पिढीला फारशी सवय नाही. मुलाचं अंग दुखतंय, स्पर्धा तोंडावर आहे, आता आईबापांनी काय करायचं? आपल्याकडे यावर दोन तयार उत्तरं असतात. एक, ‘थोडं सहन करावंच लागतं.’ दुसरं, ‘एवढं दुखतंय तर सोडून दे, अभ्यास कर.’ दोन्ही उत्तरं चटकन देता येतात आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो. मूल पुढच्या वेळी सांगतच नाही. माझं मत साधं आहे. ‘दुखतंय’ आणि ‘भीती वाटतेय’ ही दोन वाक्यं मुलाला घरात बिनधास्त बोलता आली पाहिजेत. ती बोलल्याबद्दल त्याला काहीही किंमत मोजावी लागता कामा नये. पालक म्हणून या खेळात आपलं मुख्य काम तेवढंच आहे; तंत्र शिकवायला कोच आहेत.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इथे मुलींना चार प्रकार करावे लागतात: व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम आणि फ्लोअर. बीम फक्त १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच. एक ते दहा अशा लेव्हल असतात. चौथ्या-पाचव्या लेव्हलची मुलगी आठवड्यातून तीन-चार दिवस, दर वेळी तीन-चार तास जिममध्ये असते. शाळा सुटली की गाडीतच डबा खायचा, साडेचार ते साडेआठ सराव, घरी आल्यावर आंघोळ, गृहपाठ आणि झोप. शनिवार-रविवारी मीट, म्हणजे स्पर्धा. तीही कधी तीन-चार तासांच्या ड्राइव्हवर. फी, लिओटार्ड, प्रत्येक मीटची वेगळी प्रवेश फी, हॉटेल. दरमहा काहीशे डॉलर यात जातात आणि हा हिशोब मुलांच्या कानावर पडतोच.

आता दुखण्याकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक दुखणं धोक्याचं नसतं. नवीन व्यायाम झाला किंवा सुट्टीनंतर सराव सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोट, दंड दुखतात. जिना उतरताना मूल कण्हतं. हे स्नायूंचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त जाणवतं आणि मग आपोआप ओसरतं. अंगात लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून दुखतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यात तथ्य नाही. ते ॲसिड व्यायामानंतर थोड्याच वेळात निघून जातं. सवय नसलेल्या ताणाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, ती भरून येताना दुखतं. अशा वेळी हलकी हालचाल, कोमट पाण्याची आंघोळ, झोप आणि आजीचं तेल पुरेसं असतं. हे दुखणं दोन्ही बाजूंना सारखं असतं, पसरलेलं असतं, आणि अंग गरम झालं की कमी होतं.

दुसरं दुखणं वेगळं. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो, ग्रोथ प्लेट. हाड तिथून लांबीला वाढतं. हा थर भोवतालच्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक असतो, त्यामुळे मोठ्या माणसाचा जिथे नुसता पाय मुरगळला असता तिथे मुलाच्या ग्रोथ प्लेटला इजा होऊ शकते. जिम्नॅस्टिक्समध्ये तर हातांनाही पायांचं काम करावं लागतं. हँडस्टँड, हँडस्प्रिंग, व्हॉल्ट या सगळ्यांत पूर्ण शरीराचा भार मनगटावर आदळतो. म्हणून मनगटाच्या ग्रोथ प्लेटच्या दुखण्याला इथे ‘जिम्नॅस्ट रिस्ट’ असं नावच पडलंय. उड्या आणि लँडिंगमुळे टाच दुखते, गुडघ्याखालचं हाड दुखतं. कंबर सतत मागे वाकवल्याने मणक्याच्या मागच्या भागात बारीक चीर पडू शकते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण मागे वाकलं की कळ येते.

कुठल्या दुखण्यासाठी डॉक्टर गाठायचा, याच्या काही खुणा मी फ्रिजवर लावून ठेवल्या आहेत. एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतंय. एकाच बाजूला दुखतंय. सूज आहे. मूल लंगडतंय किंवा तो हात टेकायचं टाळतंय. रात्री झोपेतून जाग येते. सराव सुरू झाल्यावर कमी होण्याऐवजी वाढतं. दोन आठवड्यांनंतरही तसंच आहे. यातलं एक जरी असेल तर तेल, बाम, शेक यांवर भागवू नये. मुलांच्या खेळांच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवावं. आणि सरावाआधी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला जिममध्ये पाठवू नये. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्री-अपरात्री सर्व्हरचा अलार्म वाजतो. कंटाळून एखाद्याने तो म्यूट केला तर रात्रभर शांत झोप लागते आणि सकाळी सगळी सिस्टिम बंद पडलेली असते. ती गोळी अलार्म म्यूट करण्यासारखीच आहे.

गेल्या मोसमात एका स्पर्धेच्या नऊ दिवस आधी मुलीने मला गाडीत विचारलं, ‘बाबा, मीटची फी भरून झाली की परत मिळते का?’ मी म्हटलं, ‘का गं?’ थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग उजवं मनगट पुढे केलं आणि अंगठ्याच्या बाजूला एका जागी बोट ठेवलं. तीन आठवडे दुखत होतं. कोचना सांगितलं नव्हतं, कारण त्या बसवतील. आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण पैसे भरलेत आणि आजी-आजोबा भारतातून आलेत ते मीट बघायला थांबलेत. दहा वर्षांच्या मुलीने एवढा सगळा हिशोब मनातल्या मनात मांडला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे काढला. ग्रोथ प्लेटला सूज होती, हाड शाबूत होतं. सहा आठवडे हातावर भार नाही.

कोचने तिला घरी बसवलं नाही. ती रोज जिमला गेली. पोटाचे आणि पायांचे व्यायाम, फ्लोअरवरच्या उड्या आणि बीमवरचं नृत्य, म्हणजे हात न टेकता जे जे करता येईल ते ते तिने केलं. टीमपासून तुटली नाही. मीटला आम्ही सगळे गेलो, आजी-आजोबांसकट, मैत्रिणींना टाळ्या वाजवायला. आठव्या आठवड्यात ती हळूहळू बारवर परतली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते तिचं फीबद्दल विचारणं. मुलं थेट ‘दुखतंय’ म्हणत नाहीत. ती असे आडून प्रश्न विचारतात, सरावाला निघताना पोट दुखतंय म्हणतात, सॉक्स सापडत नाहीत म्हणून रडतात. ते ऐकायचा कान आपल्यालाच तयार करावा लागतो.

या खेळाच्या इतिहासात दुखणं झाकण्याला फार मोठा मान मिळाला आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांच्या केरी स्ट्रगचा पहिल्या व्हॉल्टला घोटा दुखावला. तशाच पायाने तिने दुसरा व्हॉल्ट केला, एका पायावर उभी राहिली आणि कोसळली. कोच तिला उचलून घेऊन पदकाच्या मंचाकडे गेले. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं, शौर्य म्हणून. नंतर आकडेमोड झाली तेव्हा लक्षात आलं की तिच्या दुसऱ्या व्हॉल्टशिवायही अमेरिकेला सुवर्ण मिळालंच असतं.

पंचवीस वर्षांनी टोकियोत सिमोन बाइल्सने एक व्हॉल्ट केल्यावर सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भानच सुटत होतं तिचं. जिम्नॅस्ट याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. अडीच गिरक्यांऐवजी दीडच झाली होती. अशा अवस्थेत मानेवर पडलं तर काय होऊ शकतं हे या खेळातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरीही तिला भित्री म्हणणारे कमी नव्हते; आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही त्या आठवड्यात ‘एवढ्या मोठ्या खेळाडूला दबाव झेपला नाही’ असे संदेश फिरले. संघाला रौप्य मिळालं. काही दिवसांनी बीमवर उतरून तिने ब्राँझ घेतलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्ण आणि एक रौप्य. थांबायचं कधी हे जिला कळलं, तिची कारकीर्द लांबली. मुलीसोबत बघायला मी या दोन्हींतला बाइल्सचा व्हिडिओ निवडतो.

मुलाचं ‘दुखतंय’ ऐकून घेण्याला आणखी एक गंभीर बाजू आहे. ती आपल्या घरांत मोठ्याने बोलली जात नाही, म्हणून इथे लिहितो. अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचारांच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण करत होता. २०१६ मध्ये इंडियानापोलिसच्या एका दैनिकाने हे प्रकरण बाहेर काढलं. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या कोर्टात दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रियांनी उभं राहून आपली हकीकत सांगितली. त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. यातल्या काहींनी त्याच्या कितीतरी वर्षं आधी जवळच्या मोठ्या माणसांना सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. ब्रिटनमध्ये जून २०२२ मध्ये ॲन व्हाइट यांचा अहवाल आला. त्यासाठी चारशेहून अधिक निवेदनं आली होती आणि त्यांत दुखापत असताना सराव करायला लावणं, खाण्यापाण्यापासून अडवणं, वजनावरून अपमान करणं, असं बरंच काही होतं.

आता नियम कडक झाले आहेत. अमेरिकेत कोच आणि मूल यांनी बंद दाराआड एकटं असायचं नाही, इतरांना दिसेल आणि मध्ये जाता येईल अशाच जागी असायचं. कोचने मुलाला मेसेज पाठवला तर पालकही त्यात हवेत. हे नियम जिमच्या ऑफिसात मागून घ्या, वाचा. ‘त्यांना काय वाटेल’ हा आपला जुना संकोच इथे कामाचा नाही. चांगले कोच अशा प्रश्नांनी दुखावत नाहीत. पण नियमांपेक्षा मोठं संरक्षण घरातलं आहे. साधं मनगट दुखतंय म्हटल्यावर ज्या मुलाचं ऐकलं जातं, तेच मूल पुढे याहून अवघड गोष्ट सांगायला तोंड उघडतं.

आता स्पर्धेच्या ताणाबद्दल. या खेळाचं गुणांकन मोठं गमतीदार आहे. मुलीच्या लेव्हलला प्रत्येक प्रकारात सुरुवात दहापासून होते आणि मग कापाकापी सुरू होते. गुडघा वाकला, कापा. पायाचं बोट ताणलं नाही, कापा. बीमवरून पडली, अर्धा गुण. म्हणजे ९.१ हा आकडा तुम्ही काय केलंत हे सांगत नाही, काय राहिलं ते सांगतो. आपल्या मराठी घरांना ही पद्धत तोंडपाठ आहे. शंभरात ९६ मिळाले की ‘चार कुठे गेले?’ विचारणारी पिढी आपल्याला वाढवून गेली, प्रेमानेच. पण जिममध्ये परीक्षकाने एकदा कापलंय, कोचने चुका दाखवल्यात. गाडीत बसल्यावर बाबांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ थांबवून-थांबवून तिसऱ्यांदा तेच दाखवायची गरज नाही.

आमच्या घरी ठरलेलं आहे की स्पर्धेवरून परतताना पहिली गोष्ट खाणं. स्कोअरवर बोलायचं ते तिने विषय काढला तर. मीटच्या दिवशी आम्ही तिला ‘पहिली ये’ म्हणत नाही, कारण ते तिच्या हातात नाही. बाकीच्या वीस मुली काय करतील ते ती ठरवू शकत नाही. ‘बार्सवर चढण्याआधी एकदा लांब श्वास घे’ हे तिच्या हातात असतं. पडली तर काय करायचं, याचाही सराव ती कोचबरोबर करते: उठायचं, हातांना चॉक लावायचा, पुन्हा चढायचं, पुढचं पूर्ण करायचं. पडणं गृहीत धरलं की त्याची दहशत निम्मी होते. बॅक हँडस्प्रिंगसारखं जमलेलं कौशल्य एखाद्या दिवशी अचानक भीतीने अडतं, खास करून उंची झपाट्याने वाढत असताना. तो आळस नसतो. कोच एक पायरी मागे येऊन मऊ मॅटवर पुन्हा सुरुवात करतात, आपण फक्त घाई करायची नाही.

खाण्याझोपेचंही थोडक्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. रात्री साडेआठला सराव संपणाऱ्या घरात ती जमवायची तर बाकी काहीतरी सोडावं लागतं. आम्ही एक क्लास सोडला. शाकाहारी घर असलं तरी अडत नाही. वरण-भात, दही, पनीर, मुगाचं धिरडं, नाचणीची भाकरी, सरावाआधी राजगिऱ्याचा लाडू किंवा पोळीचा रोल. या खेळात बारीक दिसण्याचं वेड आजही आहे, त्यामुळे मुलीच्या वजनावर, जाडी-बारीकपणावर घरात कुणीही, कौतुकानेसुद्धा, शेरा मारायचा नाही. भुकेल्या शरीरात हाडं कच्ची राहतात, पाळी लांबते, दुखापती वाढतात. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून किमान एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या टप्प्याने, आपल्या खेळापासून सुट्टी घ्या असं सांगते. जिम्नॅस्टिक्सच्या वेळापत्रकात एवढी सुट्टी बसवणं कठीण आहे, पण आठवड्याचे सुट्टीचे दिवस तरी खऱ्या सुट्टीचे असावेत.

यावर काही मित्र म्हणतात, असं फुलासारखं जपलंत तर मुलं घडणार कशी? आपण मल्लखांबाच्या मातीतले. एरंडेल लावलेल्या खांबावर सालटी निघेपर्यंत मेहनत करणारी मुलं शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात आजही दिसतात. तिथे पिढ्या घडवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मेहनतीला माझा विरोध नाही. माझ्या मुलीच्या तळहाताची सालटी निघतात, ती त्यावर पट्टी बांधून पुन्हा बारला लटकते आणि मला तिचा अभिमान वाटतो. मेहनत आणि इजा यांतला फरक तिला स्वतःला कळावा एवढंच मागणं आहे. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचं उदाहरण घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टमध्ये चौथी, ब्राँझ हुकलं ते अवघ्या ०.१५ गुणांनी. पुढच्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया. ती लगेच धावत परतली नाही. शरीराला लागेल तेवढा वेळ घेतला आणि २०१८ मध्ये तुर्कस्तानात वर्ल्ड चॅलेंज कपचं सुवर्ण जिंकली. मेहनतीत हा थांबण्याचा काळही मोजायला हवा.

आणि शेवट कुठे आहे, तेही स्वच्छ बघावं. अमेरिकेत पहिल्या श्रेणीत महिला जिम्नॅस्टिक्स खेळणारी विद्यापीठं शंभरसुद्धा नाहीत. बहुतेक मुली बारा-चौदाव्या वर्षी हा खेळ सोडतात. त्यांच्याबरोबर उरतं ते शरीराबद्दलचं त्यांचं मत. आपलं दुखणं सांगितलं तर कुणी ऐकतं, की सांगून फायदा नाही, हे त्या इथे शिकतात आणि पुढे नोकरीत, संसारात, बाळंतपणात तेच घेऊन वावरतात. आपल्या किती आयांनी आणि मावश्यांनी दुखणी अंगावर काढली, हे आपण पाहिलेलंच आहे.

म्हणून भारतातल्या आजी-आजोबांना, काका-मावश्यांना एक विनंती. पुढच्या व्हिडिओ कॉलवर नातीला ‘कितवी आलीस?’ विचारण्याआधी ‘आज काय नवीन जमलं?’ आणि ‘कुठे दुखत नाही ना गं?’ एवढं विचारा. आणि ती ‘हो, थोडं दुखतंय’ म्हणाली तर तिला काही सल्ला देऊ नका. कुठे ते विचारा, आणि ती बोट ठेवेल तिकडे नीट बघा.